लॉगमध्ये रोज ‘बॅकअप यशस्वी’, आणि मुख्य फाइल १२ फेब्रुवारीची!

कोयनाकाठ

मंडळी, हात जोडून मदत मागतोय.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी लिपिक आहे. कॉम्प्युटर म्हटलं की प्रिंटरच्या टोनरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. सर्व्हर म्हणजे कॅशियरच्या मागच्या कपाटात ठेवलेला विंडोज १० चा एक पीसी. माझ्या आधीच्या माणसाने एक बॅच फाइल करून ठेवलीय. टास्क शेड्युलर ती रोज रात्री साडेअकराला चालवतो, ‘लेजर’ फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरतं आणि लॉगमध्ये एक ओळ पडते.

मार्चअखेरीला ऑडिटरने एक जुनी नोंद मागितली म्हणून ती हार्डडिस्क उघडली. बाकीच्या फाइल आदल्या रात्रीच्या, पण जिच्यात सगळ्यांची खाती आहेत नेमकी ती १२ फेब्रुवारीची. लॉग बघितला, तर १३ तारखेपासून एकही रात्र न चुकता ‘बॅकअप यशस्वी’. पोटात गोळाच आला. सर्व्हर धडधाकट आहे म्हणून निभावलं, पण दीड महिना आम्ही नुसत्या दैवावर चाललो होतो.

फाइल ही अशी आहे (इथे देवनागरीत लिहिलीय, खरी अर्थातच रोमन लिपीत आहे):

इफ एक्झिस्ट डी:\लेजर (
नेट स्टॉप खातेसेवा
रोबोकॉपी डी:\लेजर एफ:\लेजर /मिर /आर:२ /डब्ल्यू:५
इफ %एररलेव्हल% ईक्यूयू ० (एको बॅकअप यशस्वी >> लॉग.टीएक्सटी) एल्स (एको बॅकअप फसला >> लॉग.टीएक्सटी)
नेट स्टार्ट खातेसेवा
)

म्हणजे फाइल उतरवणाऱ्या रोबोकॉपीने संपताना मागे ठेवलेला कोड (एररलेव्हल) शून्य असेल तर ‘यशस्वी’, नाहीतर ‘फसला’. एल्स लिहिलेलं आहे, मग ‘फसला’ कधीच का छापलं गेलं नाही?

रात्रपाळी

कंसाने घात केलाय. सीएमडी (बॅच फाइल चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) फाइल ओळ-ओळ वाचतो खरा, पण कंसातला सगळा गठ्ठा त्याच्या लेखी एकच ओळ. तो गठ्ठा चालवायला घेण्याआधी त्यातल्या सगळ्या %...% च्या जागी तेव्हाच्या किमती भरून मोकळा होतो. म्हणजे रोबोकॉपी सुरूही व्हायच्या आधी तुमची ओळ ‘इफ ० ईक्यूयू ०’ झालेली असते. शून्य बरोबर शून्य, रोज रात्री.

फाइलच्या सुरुवातीला ‘सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन’ टाका आणि टक्क्याच्या जागी उद्गारचिन्ह वापरा: !एररलेव्हल!. मग ती किंमत त्या ओळीवर पोचल्यावर वाचली जाईल.

आमच्याकडे रात्री चालणारी शे-दीडशे कामं आहेत. त्यातल्या निम्म्यांत हेच सापडलं होतं.

सदा_गोंधळ

मी प्रत्येक बॅच फाइलच्या डोक्यावर ‘सेट एररलेव्हल=०’ लिहितो. पाटी कोरी करून सुरुवात. तेव्हापासून माझं एकही काम फसलेलं नाही :)

फ्लॉपीवाले_काका

गोंधळराव, ती ओळ आजच्या आज काढा. नाव सार्थ करताय.

एररलेव्हल हे साधं व्हेरिएबल नाही. त्या नावाचं व्हेरिएबल कुणी केलेलं नसेल, तेव्हाच सीएमडी %एररलेव्हल% च्या जागी शेवटच्या प्रोग्रॅमचा खरा कोड देतो. तुम्ही ‘सेट’ केलंत की तुमचं व्हेरिएबल पुढे येऊन उभं राहतं आणि खरा कोड त्याच्या आड जातो. मग प्रोग्रॅम आपटो, जळो, काही होवो, तुम्हाला शून्यच दिसणार. चुकून झालं असेल तर ‘सेट एररलेव्हल=’ एवढंच लिहून पुसता येतं. कोड खरोखरच शून्यावर आणायचा असेल तर ‘व्हर > नल’ चालवा.

सदा_गोंधळ

...
मी जरा माझी सगळी लॉग तपासून येतो.

उगाच_एक

अजून बॅच फाइल? पॉवरशेल शिका की राव.

चिमणचारा

उगाच_एक, विंडोज १० सोबत येणाऱ्या ५.१ मध्ये रोबोकॉपी फसली तरी ट्राय-कॅच (चूक पकडायची सोय) ढिम्म हलत नाही. तिथेही $लास्टएक्झिटकोड स्वतःच बघावा लागतो. तव्याला नाव ठेवून भाकरी फुगत नाही.

कोयनाकाठ, रात्रपाळींनी सांगितलेला बदल कराच. पण केल्यावर उद्या सकाळी तुम्ही परत इथे येणार आहात. का ते तेव्हा सांगते :)

कोयनाकाठ

ताई, आलो. तुम्ही पंचांग बघता का?

बदल केला. मुख्य फाइल अजून येत नाही, म्हणून लॉगमध्ये ‘फसला’ आलं. ते बरोबरच. पण गंमत पुढे आहे. खात्री करायला दोन साध्या वर्ड फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून त्यावर हीच बॅच चालवली. दोन्ही फाइल व्यवस्थित उतरल्या, तरी ‘फसला’. लगेच परत चालवली तर ‘यशस्वी’. म्हणजे काम केलं की फसला आणि काही केलं नाही की यशस्वी?

चिमणचारा

आमच्या बँकेतल्या काउंटरसारखं झालं ना :)

रोबोकॉपीचा कोड असाच वाचायचा असतो. त्यात शून्याचा अर्थ ‘कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, चूकही नाही’. बाकीचे आकडे नाण्यांसारखे बेरजेत येतात. १ म्हणजे फाइल कॉपी झाल्या. २ म्हणजे जिथे उतरवायचं तिथे मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या जादा फाइल किंवा फोल्डर सापडले. ४ म्हणजे काहीतरी जुळत नाही, उदाहरणार्थ इकडे ज्या नावाची फाइल आहे, तिकडे त्याच नावाचं फोल्डर आहे. ८ म्हणजे काही फाइल कॉपी होऊ शकल्या नाहीत. १६ म्हणजे गंभीर, कामच झालं नाही.

तर ३ आला की १ अधिक २, सगळं ठीक. ७ पर्यंत काळजी नाही (४ दिसला तर एकदा डोकावून बघा). ८ आणि त्यावर काहीही आलं की उठा. म्हणून तपासणी ‘ईक्यूयू ०’ नको, ‘जीईक्यू ८’ (८ किंवा जास्त) हवी.

मजा कळली का? तुमच्या फाइलमध्ये दोन चुका होत्या आणि एकीने दुसरीला झाकलं होतं. कंसाची चूक नसती, तर पहिल्याच आठवड्यात रोज ‘फसला’ येऊन कुणीतरी कुरकुर केली असती. अर्थात मग काय झालं असतं तेही सांगते. एका जुन्या ठिकाणी आमच्याकडे रोज असा खोटा ‘फेल’ चा मेल यायचा. लांडगा आला रे आला. महिन्याभरात सगळ्यांनी तो मेल परस्पर कचरापेटीत जाईल असा नियम लावून टाकला.

कोयनाकाठ

आता प्रकाश पडला. मग मुख्य फाइलच्या वेळी नेमका कोड किती येतो ते बघावं म्हणून, काका म्हणतात तसं कंस काढून फाइल सरळ केली (काकांनी मला व्यनि, म्हणजे खासगी निरोप, केला होता) आणि ही ओळ टाकली:

एको कोड %एररलेव्हल%>> लॉग.टीएक्सटी

लॉगमध्ये काहीच आलं नाही. ‘कोड’ हा शब्दसुद्धा नाही. वर्ड फाइलच्या चाचणीत मात्र ‘कोड’ आलं आणि पुढे आकडा गायब.

रात्रपाळी

हा हा हा. माफ करा, पण हा खड्डा मीही खाल्लाय.

>> च्या डाव्या हाताला चिकटून एकटा अंक आला तर सीएमडी तो अंक छापत नाही, त्याला ‘कुठल्या नळातून पाणी काढायचं’ ते समजतो. १ म्हणजे नेहमीचा आउटपुट, २ म्हणजे चुकांचा. वर्ड फाइलच्या वेळी तुमची ओळ ‘एको कोड १>> लॉग’ अशी झाली. १ गिळला गेला, ‘कोड’ तेवढं लॉगमध्ये गेलं. मुख्य फाइलच्या वेळी बहुतेक ‘९>>’ झालं असणार. नवव्या नळाची धार लॉगला जोडली, ‘कोड’ मात्र नेहमीच्या नळातून पडद्यावर गेला. म्हणून लॉग कोरडा. दोन अंकी आकडा, समजा १६, नीट छापला गेला असता, त्यामुळे ही चूक कधी दिसते, कधी नाही.

दिशा आधी लिहा, मजकूर नंतर:

>> लॉग.टीएक्सटी एको कोड %आरसी%

आणि हो, आरसी. प्रोग्रॅम संपल्यावर लगोलग पुढच्याच ओळीत ‘सेट आरसी=%एररलेव्हल%’ करून कोड खिशात घाला. मध्ये दुसरी कुठली कमांड घुसली की ती तिचा कोड लिहून जाते.

फ्लॉपीवाले_काका

बाकी मंडळी जुन्या ‘इफ एररलेव्हल १’ बद्दल बोलतच नाहीयेत, म्हणून म्हाताऱ्याचं थोडं ऐका.

टक्के न लावता ‘इफ एररलेव्हल १’ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘कोड १ असेल तर’ असा होत नाही. ‘१ किंवा जास्त असेल तर’ असा होतो. ‘इफ एररलेव्हल ०’ म्हणूनच जवळजवळ नेहमी खरं ठरतं. ही १९८३ च्या डॉस २.० पासूनची रीत. तेव्हा प्रोग्रॅम संपताना एकच बाइट मागे ठेवायचा, म्हणजे ० ते २५५. डॉस ६ मध्ये चॉइस कमांड आली तेव्हा आम्ही मेनू लिहायचो, तेही उलटे, आधी ५, मग ४, मग ३. कुणी पोरगा सरळ चढत्या क्रमाने लिहायचा आणि काहीही दाबलं तरी पहिलाच पर्याय चालायचा. दोन-दोन तास डोकं खाजवत बसायचा बिचारा.

या पद्धतीचा एक फायदा आहे. ती कंसाच्या आतही बरोबर चालते, कारण तिथे भरायला टक्केच नाहीत. रात्रपाळींचं उद्गारचिन्ह नको असेल तर रोबोकॉपीसाठी ‘इफ एररलेव्हल ८’ पुरेसं आहे.

तोटाही ऐका. विंडोज एनटीपासून कोड ३२ बिटांचा झाला आणि तो ऋणही असू शकतो. प्रोग्रॅमने नको त्या मेमरीत हात घालून जीव सोडला की सीएमडीला −१०७३७४१८१९ दिसतो. १६ च्या पायात तोच सी००००००५. कंट्रोल-सी दाबून मारला तर −१०७३७४१५१०. आता −१०७३७४१८१९ हा १ किंवा जास्त आहे का? नाही. म्हणजे ‘इफ एररलेव्हल १’ नुसार तुमचा प्रोग्रॅम ठणठणीत. जो सभ्यपणे ‘माझं चुकलं’ म्हणून गेला तो पकडला जातो, आणि जो जागीच कोसळला तो सुटतो. तेव्हा साध्या प्रोग्रॅमसाठी ‘इफ %आरसी% एनईक्यू ०’ (शून्य नसेल तर) बरं.

चिमणचारा

काका, दंडवत. यात एक भर: १ चा अर्थ घरोघरी वेगळा. रोबोकॉपीचा १ म्हणजे काम झालं. एक्सकॉपीचा १ म्हणजे कॉपी करायला फाइलच सापडल्या नाहीत. फाइंडचा १ म्हणजे शब्द मिळाला नाही, आणि कधी कधी तेच आपल्याला हवं असतं. सेव्हन-झिपचा १ म्हणजे इशारा (बहुतेक एखादी उघडी फाइल वगळली), २ म्हणजे घातक चूक. एमएसआय इन्स्टॉलर ३०१० देतो, तेव्हा इन्स्टॉल झालेलं असतं, फक्त मशीन रीस्टार्ट करायचं बाकी असतं. आणि ‘डेल’ला नसलेली फाइल पुसायला सांगितली तर तो पडद्यावर ‘सापडली नाही’ म्हणतो आणि कोड शून्य देतो.

म्हणूनच रोबोकॉपीच्या पुढे && किंवा || (‘जमलं तर पुढचं कर’, ‘फसलं तर पुढचं कर’) लावू नका. त्यांना फक्त शून्य आणि बिगरशून्य कळतं.

सदा_गोंधळ

.बॅट आणि .सीएमडी यात फरक असतो का? की नावापुरतंच?

फ्लॉपीवाले_काका

एररलेव्हलपुरता आहे. ‘सेट’ किंवा ‘पाथ’सारखी आतली कमांड यशस्वी झाली, तर .सीएमडी फाइलमध्ये एररलेव्हल शून्य होतो. .बॅटमध्ये आधीचा जसाच्या तसा राहतो. म्हणून रात्रपाळी म्हणतात तसं ताबडतोब खिशात घालावं, मग कुठल्या घरात आहोत याने फरक पडत नाही.

कोयनाकाठ

कोड आला! ९ च. ८ अधिक १. बाकीच्या फाइल गेल्या, मुख्य फाइल अडली. रोबोकॉपीच्या स्वतःच्या लॉगमध्ये ‘एरर ३२’, म्हणजे फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलीय.

पण मग १२ फेब्रुवारीपर्यंत कशी जात होती?

चिमणचारा

१२-१३ तारखेला काय झालं होतं तिथे?

आणि तुमच्या फाइलमधल्या ‘नेट स्टॉप’चा कोड कुणी तपासतंय का?

कोयनाकाठ

ताई, काय सांगू.

१३ फेब्रुवारीला सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस येऊन अपडेट टाकून गेला होता. चहा मीच पाजला. त्या अपडेटमध्ये डेटाबेसच्या सेवेचं नाव बदललं. आमची फाइल रोज रात्री जुन्याच नावाने हाक मारतेय. ‘नेट स्टॉप’ म्हणतो अशी सेवाच नाही आणि २ देतो. तो २ कुणी बघत नाही. सेवा चालूच राहते, फाइल उघडीच राहते, रोबोकॉपी ९ देते, तो ९ पण कुणी बघत नाही, आणि शेवटी लॉगमध्ये ‘यशस्वी’.

डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस आहे.

रात्रपाळी

मग सेवा थांबवून फाइल उचलायचा मार्गच सोडा. एक्स्प्रेस आवृत्तीत एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा) मिळत नाही, म्हणून शेड्युलर आणि बॅच फाइल लागतेच, ते ठीक. पण बॅकअप डेटाबेसलाच घ्यायला सांगा. एसक्यूएलसीएमडीने (डेटाबेसला आज्ञा पोचवणारा प्रोग्रॅम) ‘बॅकअप डेटाबेस’ची आज्ञा द्या, सेवा चालू असतानाच डी:\लेजरबॅक मध्ये .बीएके फाइल बनेल. मग फक्त ते फोल्डर रोबोकॉपीने एफ वर न्या.

कोयनाकाठ

केलं. एसक्यूएलसीएमडीचा कोड लगेच खिशात, रोबोकॉपीला ‘जीईक्यू ८’, लॉगची दिशा आधी. सकाळी ऑफिसात आलो. लॉग: एसक्यूएल ०, रोबोकॉपी ०, बॅकअप यशस्वी.

लेजरबॅक फोल्डर रिकामं.

मी आता अध्यक्षसाहेबांच्या फोटोसमोर उभा आहे.

चिमणचारा

उभे राहू नका, बसा. ‘-बी’ टाकलात का? एसक्यूएलसीएमडी त्याशिवाय आज्ञा फसली तरी शून्य देऊन जातो. त्याच्या मते त्याचं काम निरोप पोचवण्याचं, तो पोचवला. ‘-बी’ लावलं की चूक झाल्यावर तिथेच थांबतो आणि १ देतो. छोट्या लिपीतला ‘बी’ बरं का, तिथे लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरलं जातं.

बॅकअप का झाला नाही तेही सांगते: .बीएके फाइल तुमच्या नावाने लिहिली जात नाही, एसक्यूएल सर्व्हरची सेवा ज्या खात्याने चालते त्या खात्याने लिहिली जाते. त्या खात्याला लेजरबॅक मध्ये लिहायची परवानगी नसेल. आउटपुट बघा, ‘ऑपरेटिंग सिस्टीम एरर ५’ असेल.

कोयनाकाठ

५ च होता. परवानगी दिली. ‘-बी’ लावलं. आता फाइल बनतेय, एफ वर जातेय. या वेळी कोडवर विश्वास ठेवला नाही. .बीएके घरी नेऊन माझ्या लॅपटॉपवर रिस्टोअर केली आणि माझ्याच खात्याची शिल्लक बघितली. काल संध्याकाळची, पैशांपर्यंत बरोबर (दुर्दैवाने).

आताची फाइल अशी:

इफ नॉट एक्झिस्ट एफ:\ एक्झिट /बी ५०
एसक्यूएलसीएमडी -बी ... (लांब ओळ)
सेट आरसी=%एररलेव्हल%
>> लॉग.टीएक्सटी एको %डेट% एसक्यूएल %आरसी%
इफ %आरसी% एनईक्यू ० एक्झिट /बी ५१
रोबोकॉपी डी:\लेजरबॅक एफ:\लेजरबॅक /आर:२ /डब्ल्यू:५
सेट आरसी=%एररलेव्हल%
>> लॉग.टीएक्सटी एको %डेट% रोबोकॉपी %आरसी%
इफ %आरसी% जीईक्यू ८ एक्झिट /बी ५२
एक्झिट /बी ०

फ्लॉपीवाले_काका

छान. कंस नाहीत, वाचून कळतंय. शेवटची ‘एक्झिट /बी ०’ विसरला नाहीत हे विशेष. ती नसती तर रोबोकॉपीचा १ तसाच वर गेला असता आणि शेड्युलरने रोज चूक दाखवली असती. ‘/बी’ही ठेवलात ते बरं. नुसतं ‘एक्झिट’ लिहून कमांड विंडोत चाचणी घेतलीत तर विंडोच बंद होते, आणि पोरं इथे येऊन विचारतात, माझी खिडकी कुठे गेली?

सदा_गोंधळ

वाचनखूण साठवली. माझ्या अकरा फाइलपैकी चार गेल्या कितीतरी महिन्यांपासून काहीच करत नव्हत्या. शून्य मात्र नियमित.

कोयनाकाठ

परत मीच. काल रात्रीचा लॉग कोरा आहे आणि शेड्युलरच्या ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये ०एक्स३२ दिसतंय. मी ३२ कोड कुठेच दिलेला नाही! हा तोच ‘एरर ३२’ का, फाइल उघडी असल्याचा?

फ्लॉपीवाले_काका

नाही हो. शेड्युलर कोड १६ च्या पायात दाखवतो, ‘०एक्स’ त्यासाठीच. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, वर दोन. किती झाले?

कोयनाकाठ

पन्नास! म्हणजे एफ ड्राइव्हच नव्हता.

कपाट उघडून बघितलं. हार्डडिस्कचा प्लग काढून तिथे शिपाईमामांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. मामा म्हणाले, रोजच लावतो, सकाळी आठवणीने तुमचं परत जोडतो, काल तेवढं राहिलं. ‘रोज’ म्हणजे कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही. त्यांना एक वेगळा एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिलाय. खर्चाच्या पावतीवर कारण लिहिलंय: ‘कोड ५०’.